अण्णांचा प्रपंच

नंदुरबारला गेलेला पाहुणा शिरीषकुमारच्या स्मारकापाशी थांबल्यावाचून परतत नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी गोळीला छाती देणारा हा मुलगा अवघ्या 15 वर्षांचा होता. त्याच्याबरोबर त्याचे चार सवंगडीही पडले. एवढेसे आयुष्य, पण गावाने ते जिवाशी धरून ठेवले आहे. याच परिसरात हंगामात तांबड्या मिरचीच्या लांबच लांब पथाऱ्या पसरतात आणि उन्हात वाकून संसारासाठी वर्षानुवर्षे राबणारी माणसे दिसतात. त्यांचे स्मारक कोण बांधणार? एका क्षणाचे धैर्य आठवणे सोपे; दीर्घ आयुष्याचे रोजचे कष्ट आठवायचे तरी कसे?

असे एक आयुष्य महाराष्ट्राने पाहिले आहे. शिरीषकुमार गेला त्या वर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णा, 84 वर्षांचे होते आणि त्यांना आणखी 20 वर्षे जगायचे होते!

1858 साली जन्मलेला हा मुरूडचा मुलगा सतराव्या वर्षी परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून, शंभरावर मैल पायी तुडवून साताऱ्यास पोचला. तिथे वय लहान दिसते म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. तो परतला आणि पुन्हा अभ्यासाला लागला. पुढे मुंबईत शिकवण्या करकरून तो पदवीधर झाला. 1891 मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्या, रघुनाथ हा मुलगा मागे राहिला. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले.

इथवर सर्वांना ठाऊक आहे. परंतु कर्व्यांच्या घराचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. 1900 साली पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी चिखलकाटे तुडवीत हिंगणे, तिथे मुलींना शिकवणे आणि सकाळी पुन्हा पुणे, असा अण्णांचा क्रम होता. साठवलेला पैसा आश्रमाला गेला. इतकेच काय, बायकामुलांचा आधार म्हणून उतरवलेला विमाही आश्रमालाच!

वाचकहो, अशा वेळी घरच्या बाईने काय म्हणावे? गोदूबाई, म्हणजे बाया, गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. मुलांचे पुढे काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्या रागावल्या, बोलल्या आणि मग पदर खोचून सुइणीचे काम शिकल्या. चार पैसे स्वतः मिळवून त्यांनी संसार ओढला, आणि आश्रमासाठी वर्गणीही मागत हिंडल्या. ‘माझे पुराण’ या आत्मकथेत त्यांनी हे सारे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. अण्णांच्या कीर्तीतला त्यांचा वाटा त्या पुस्तकावाचून आपल्याला कळलाच नसता.

मग अण्णांना संसारी माणूस म्हणावे का? निःसंशय म्हणावे, पण त्यांच्या घराच्या भिंती चारचौघांच्या घरांहून फार दूरवर होत्या. आश्रमातली प्रत्येक मुलगी त्यांना घरचीच वाटे. घरच्या मुलांना मात्र बापाचा पैसा मिळाला नाही. वळण मिळाले ते राबण्याचे आणि आपल्या मताने चालण्याचे. रघुनाथरावांनी संततिनियमनासाठी जन्मभर लोकनिंदा सोसली. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि भास्कर हिंगण्याच्या कामातच रमले.

1914 मध्ये नोकरी संपली, पण दोनच वर्षांनी अण्णांनी महिला विद्यापीठ सुरू केले. ठाकरसींनी 1920 साली त्याला 15 लाखांची देणगी दिली. 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे शाळा काढण्यासाठी हा वृद्ध पुन्हा दारोदार लहानसहान वर्गणी मागू लागला! आपल्या वयाची माणसे आरामखुर्ची शोधतात, हे बहुधा त्यांच्या गावीही नसावे.

1950 मध्ये बाया गेल्या. 1958 मध्ये, वयाची शंभरी भरली त्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले, तेव्हा सत्तावन्न वर्षांची ही अर्धांगी शेजारी नव्हती. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, 104 व्या वर्षी, अण्णांनी देह ठेवला.

यंदा दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले, की घरातल्या थकल्या माणसाकडे एकदा नीट पाहा. त्याने काय मिळवले, हे विचारू नका. कोणासाठी झिजला, ते विचारा. आणि तो झिजत असताना घर कोणी सावरले, हेही विचारायला विसरू नका. उत्तर देणारी बहुधा स्वयंपाकघरातच असेल.