युरोपची सहल : खर्च कोणाचा?

अलीकडे महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर ‘युरोप अभ्यास सहली’ची पत्रके दिसू लागली आहेत. दहा दिवस आणि पाच देश! आमच्या पाथर्डीकडच्या माणसाचा पुण्याला जाऊन यायचे म्हटले तरी अख्खा दिवस मोडतो. मग दहा दिवसांत पाच देश पाहून होतात कसे? याचे उत्तर एका खेड्यात सापडते. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी एक करार केला, आणि २६ मार्च १९९५ पासून करारातील देशांनी आपसांतील सरहद्दींवरची तपासणी उठवण्यास सुरुवात केली. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. एकदा व्हिसा मिळाला की पॅरिसहून निघालेली बस ब्रसेल्सला जाते आणि मधली सरहद्द प्रवाशाला कळतही नाही. १८० दिवसांत ९० दिवस असे हिंडता येते. लंडन मात्र यात नाही. तेथला व्हिसा वेगळा.

सहल गटाची असली तरी व्हिसा ज्याचा त्याला काढावा लागतो. बोटांचे ठसे, ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा आणि बँक खात्याचा उतारा. विद्यार्थ्याला स्वतःचे उत्पन्न नसते, म्हणून वडिलांचे कागद जोडायचे. या साऱ्या कागदांमागे वकिलातीचे दोन साधे प्रश्न असतात. तिकडे याचा खर्च भागेल काय? आणि हा परत येईल काय?

दुसऱ्या प्रश्नाची मला मोठी गंमत वाटते. आमच्या भागातील माणसेही गटानेच प्रवास करतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन टोळी ऊसतोडीला निघते. मुकादमालाही हमी हवी असते, पण ती जाण्याची. परत येण्याची काळजी ज्याची त्याने करायची! उचल एकरकमी हाती पडते आणि दुकानदाराची उधारी, दवाखाना, बहिणीचे लग्न यांत तितक्याच लवकर संपते. पुढे कित्येक महिने खात्यावर नाव घेण्यासारखे काही नसते. माझ्या वडिलांच्या खात्याचा उतारा कोणत्या वकिलातीपुढे ठेवावा? (अर्थशास्त्राच्या सरांनी हा परिच्छेद सोडून पुढे वाचावे.) शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचीही आहे, पण त्या तिकडे जाऊन शिकण्यासाठी. सहलीचा खर्च घरातूनच व्हायचा.

अशा सहलींना माझा विरोध नाही. आयफेल टॉवर मलाही पाहायचा आहे. पण महाराष्ट्रातले तरुण पूर्वी युरोपला गेले ते नेहमी पाहायलाच गेले असे नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या वेळी त्याने तेथे कबड्डी खेळून दाखवली. आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तर आपल्यासारखेच कॉलेजचे विद्यार्थी होते.

खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत. १९४८ मध्ये ते लंडन ऑलिंपिकला गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. जन्मभर लाल मातीत खेळलेला हा मल्ल तेथे गादीवर उतरला, आणि तरीही सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा पैशांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. ती पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. प्राचार्य विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकतो, हे आज आपल्या स्टाफरूममध्ये कोणी सांगितले तर किती जणांना खरे वाटेल?

हेलसिंकीत एक कठीण लढत संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले गेले. मधली विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागून घेण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. देशाचे पथक बरोबर असूनही गोळेश्वरचा तरुण त्या गादीवर एकटा होता. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. वैयक्तिक खेळातील ते स्वतंत्र भारताचे पहिलेच ऑलिंपिक पदक.

कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती संपल्यावर खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले. कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.