क्ष-किरणांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझ्या परिचयातील एक्क्याऐंशी वर्षांचे आजोबा न्हाणीघरात घसरून पडले. पाय टेकवत नव्हता. तरीही एक्स-रे काढण्यास ते आठ दिवस राजी झाले नाहीत. ‘डॉक्टर, त्या किरणांनी कॅन्सर होतो म्हणतात,’ हे त्यांचे कारण. अखेर फोटो काढला तेव्हा खुब्याचे हाड मोडून जागेवरून सरकलेले दिसले. त्याच महिन्यात एका सूनबाईंनी सासूबाईंच्या पोटाच्या सीटी स्कॅनचे तीन लिफाफे माझ्या टेबलावर ठेवले. पाच महिन्यांत तीन स्कॅन! पहिला गावी झाला होता. दुसऱ्याची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. आधी काही झाले आहे का, हे मी विचारलेच नव्हते. तिसरा शहरातल्या रुग्णालयात झाला, कारण आधीच्या दोन्ही सीडी घरी राहिल्या होत्या.

एका घरात नको तितकी भीती, दुसऱ्या घरात (आणि माझ्या दवाखान्यातही) नको तितकी बेफिकिरी. किरण किती, हे मात्र कोणीच पाहिले नव्हते.

ते मोजता येते. शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे माप मिलिसिव्हर्ट या एककात सांगतात. जमीन, हवेतील रेडॉन वायू, अन्न आणि अवकाश यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. हा जागतिक सरासरीचा आकडा आहे. केरळात कोल्लम जिल्ह्यातील मोनाझाइटयुक्त वाळूच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तो याहून पुष्कळ अधिक मिळतो. या मापाशी ताडून पाहिले, तर छातीच्या एका साध्या एक्स-रेचे सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट म्हणजे तीन दिवसांचा नैसर्गिक किरणोत्सर्ग. गुडघ्याचा एक्स-रे त्याहूनही किरकोळ. कमरेच्या मणक्यांचा मात्र दीड मिलिसिव्हर्टच्या आसपास जातो आणि पोटाचा सीटी स्कॅन आठ ते दहापर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षांचा साठा एका दिवसात. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत क्ष-किरण नसतातच. आणखी एक गैरसमज दूर करतो: हे किरण अंगात साठून राहत नाहीत. यंत्र बंद झाले की, दिवा मालवल्यावर उजेड जावा, तसे तेही जातात.

सीटी स्कॅन संपल्यावर यंत्र स्वतःच ‘डोस रिपोर्ट’ तयार करते. त्यावर ‘डीएलपी’ नावाचा एक आकडा असतो. पोटाच्या स्कॅनसाठी त्याला ०.०१५ ने गुणले की ढोबळ मिलिसिव्हर्ट कळतात. डीएलपी ६०० असेल तर नऊ. हे पान बहुधा सीडीत असते. ते मागून घ्यावे.

तंत्रज्ञांच्या छातीवर लावलेला लहानसा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. त्यावरून तंत्रज्ञाला किती किरण मिळाले, याची नोंद दर तीन महिन्यांनी होते आणि त्याला कायद्याची कमाल मर्यादाही आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही आणि ती नसणेच योग्य. नाहीतर अत्यंत गरजेची तपासणीही ‘कोटा संपला’ म्हणून नाकारावी लागेल. म्हणून आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९६ मध्ये ‘संदर्भ पातळी’ची कल्पना मांडली. एखाद्या केंद्रातील नेहमीच्या तपासण्यांचे माप त्या पातळीच्या सतत वर राहिले, तर त्यांनी आपले यंत्र आणि पद्धत तपासावी. पण तपासणी मुळात हवी की नको, हे ठरवण्याचे काम चिठ्ठी लिहिणाऱ्याचेच, म्हणजे माझे.

वय झालेल्यांसाठी एक दिलासा आहे. किरणांमुळे कर्करोग उद्भवलाच, तर त्याला सहसा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. त्यामुळे ऐंशीच्या घरातील व्यक्तीस हा धोका लहान मुलापेक्षा फारच कमी. आजोबांचा नकार म्हणून अधिकच महागात पडला. मात्र उतारवयात सीटीसाठी शिरेतून दिले जाणारे औषध मूत्रपिंडांवर ताण आणू शकते. सासूबाईंच्या बाबतीत मला खरी काळजी त्याची होती.

रुग्णाला घेऊन जाणाऱ्यांनी थोडी तयारी करावी. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, जानव्याला अडकवलेली किल्ली आधीच काढून ठेवावी. वेदनेमुळे रुग्ण हलला तर फोटो अस्पष्ट येतो आणि पुन्हा काढावा लागतो. तेव्हा वेदनाशामक आधी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आजीला धरून उभे राहावेच लागले तर शिशाचा अ‍ॅप्रन मागून घालावा. गरोदर सुनेने किंवा मुलीने हे काम मुळीच करू नये.

आजोबा शस्त्रक्रियेनंतर आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. दिवाळीत सासूबाईंचे पोट पुन्हा दुखले, तेव्हा सूनबाई तिन्ही सीडी एका कापडी पिशवीत घालूनच आल्या. त्या पाहून मी फक्त सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली, तेवढ्यावर भागले.