इंग्रजीची पातळी आणि विद्यापीठाचा दरवाजा

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या काळी विद्यापीठाच्या दाराशी इंग्रजी एकच होती. ती आली तर आत, नाही तर बाहेर. पुढे शाळा वाढल्या, माध्यमे वाढली आणि इंग्रजीचेही थर पडत गेले. आज आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी ही तृतीय भाषा असते, इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ती प्रथम भाषा असते. विषयाचे नाव तेच. पुस्तके आणि अपेक्षा वेगळ्या.

गेल्या काही वर्षांत मराठी घरांमध्ये या थरांत एका नव्या थराची भर पडली आहे. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर दुबई, सिंगापूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलेही इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे ‘आयबी’च्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला बसतात. अकरावीच्या सुरुवातीलाच त्यांच्यापुढे एक अर्ज येतो आणि त्यात इंग्रजीची पातळी निवडायची असते. अनेक पालकांनी तो अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : “विद्यापीठासाठी वरची पातळी घेतलेली बरी ना?” त्या निमित्ताने मी डिप्लोमाचे नियम आणि विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. त्या वाचनातून हाती आले ते इथे मांडतो आहे.

पातळी कशाची?

आधी रचना पाहू. डिप्लोमाला सहा विषय असतात. त्यांपैकी किमान तीन ‘हायर लेव्हल’ला घ्यावे लागतात, बाकीचे ‘स्टँडर्ड लेव्हल’ला. हायरसाठी सुमारे २४० तासांचे अध्यापन अपेक्षित असते, स्टँडर्डसाठी १५०. प्रत्येक विषयाला सातपैकी गुण मिळतात. सहा विषयांचे ४२ आणि प्रबंध व ज्ञानमीमांसेच्या अभ्यासाचे मिळून ३, असे एकूण ४५ होतात. यातली बारीक गोष्ट अशी, की हायरचे सात आणि स्टँडर्डचे सात बेरजेत सारखेच धरले जातात. वरच्या पातळीला जादा गुण नाहीत.

मग वरच्या पातळीवर वेगळे काय असते? ‘इंग्रजी ए : साहित्य’ या विषयात स्टँडर्डचा विद्यार्थी ९ साहित्यकृती वाचतो, हायरचा १३. पहिल्या प्रश्नपत्रिकेत न वाचलेल्या उताऱ्याचे रसग्रहण असते. स्टँडर्डला एका उताऱ्यावर लिहायचे, हायरला दोन्ही उताऱ्यांवर. हायरच्या विद्यार्थ्याला शिवाय १२०० ते १५०० शब्दांचा एक निबंध वर्षभरात तयार करावा लागतो. दुसरी प्रश्नपत्रिका, जिच्यात वाचलेल्या दोन कृतींची तुलना करायची असते, ती मात्र दोन्ही पातळ्यांना एकच. थोडक्यात, हायर म्हणजे ‘अधिक चांगली इंग्रजी’ नव्हे. हायर म्हणजे अधिक वाचन, अधिक लेखन आणि साहित्याकडे अधिक वेळ लक्ष देण्याची तयारी. ‘पातळी’ या शब्दामुळे आपण शिडी डोळ्यांसमोर आणतो आणि तिथेच घोळ होतो.

विद्यापीठाचे दोन प्रश्न

विद्यापीठ इंग्रजीबद्दल विद्यार्थ्याला दोन वेगवेगळे प्रश्न विचारते. पहिला प्रश्न : आमची व्याख्याने समजतील, टिपणे काढता येतील, उत्तर लिहिता येईल, इतकी इंग्रजी तुला येते का? दुसरा प्रश्न : इंग्रजी हा विषय म्हणून तू खोलात अभ्यासला आहेस का?

पहिला प्रश्न जवळजवळ सगळ्यांना विचारला जातो. त्याचे उत्तर अनेक मार्गांनी देता येते. आयईएल्‌टीएससारखी परीक्षा हा एक मार्ग. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण यांवर शून्य ते नऊच्या मापाने गुण देणारी ही परीक्षा. तिचा निकाल साधारण दोन वर्षेच ग्राह्य धरतात, म्हणून ती फार आधी देण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग डिप्लोमातल्या इंग्रजीचाच. ब्रिटनमधली आणि नेदरलँड्समधली अनेक विद्यापीठे तिथले ठरावीक गुण भाषेचा पुरावा म्हणून मान्य करतात. किती गुण, कोणत्या पातळीला, याचा तक्ता प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो आणि तो त्यांच्या प्रवेशाच्या पानावर छापलेला असतो. स्टँडर्ड लेव्हलची ‘इंग्रजी ए’ अनेक ठिकाणी या कामी पुरते.

दुसरा प्रश्न फार थोड्यांना विचारला जातो. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला इंग्रजी साहित्याची पदवी घ्यायची असेल तर इंग्रजी हायर लेव्हललाच हवी. तिथे पर्याय नाही. कायद्याच्या शाखेला ब्रिटनमध्ये सहसा ठरावीक विषयाची सक्ती नसते, पण मुद्देसूद लिहिण्याची सवय तिथे उपयोगी पडते; त्या मुलाने हायर इंग्रजी घेतली तर ती वाया जात नाही. इतिहास, राज्यशास्त्र यांचेही तसेच.

पण ज्याला यंत्र-अभियांत्रिकी शिकायची आहे त्याचे गणित निराळे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजसारख्या ठिकाणी त्या शाखेला गणित आणि पदार्थविज्ञान दोन्ही हायर लेव्हलला मागतात. तीनपैकी दोन जागा तिथेच गेल्या. उरलेल्या एका जागेवर इंग्रजी बसवता येते, नाही असे नाही. पण ‘विद्यापीठाला बरे दिसेल’ एवढ्याच कारणाने बसवली, तर तेरा साहित्यकृतींचा भार गणिताच्या वेळेतून वजा होतो. आणि प्रवेश अडतो तो गणितावर.

इथे वेळापत्रकही लक्षात घ्यायला हवे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधली वैद्यकीय शाखा यांचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातात, म्हणजे दुसरे वर्ष जेमतेम सुरू झालेले असते. अर्जासोबत जातात ते शिक्षकांनी वर्तवलेले अपेक्षित गुण. चुकीच्या पातळीत वर्षभर धडपडलेल्या मुलाचे ते गुण त्या धडपडीसकट जातात. हायरवरून स्टँडर्डला उतरणे सुरुवातीच्या महिन्यांत सहसा जमते. उलटा प्रवास अवघड.

अमेरिकेत रीत थोडी वेगळी. तिथे ठरावीक विषयापेक्षा मुलाने आपल्या शाळेत उपलब्ध असलेल्यांतले किती कठीण अभ्यासक्रम घेतले, हे पाहतात. शिवाय अनेक विद्यापीठे हायर लेव्हलच्या चांगल्या गुणांना पदवीचे श्रेयांक देतात, स्टँडर्डला बहुधा देत नाहीत. भारतात वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो. त्याची पातळी हायर असल्याने जादा काही पदरात पडत नाही.

‘ए’ की ‘बी’?

आणखी एक फाटा आहे. ‘इंग्रजी ए’ ही भाषा अवगत आहे असे धरून साहित्य किंवा भाषाव्यवहार शिकवते. ‘इंग्रजी बी’ भाषा शिकवते; तिच्या हायर पातळीवर दोन साहित्यकृती असतात, पण भर आकलनावर आणि संवादावर. सेमी-इंग्रजी शाळेतून दहावी करून आयबीत आलेल्या मुलांना ‘बी’ म्हणजे कमीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकलेल्या, पण इंग्रजी कादंबरी कधी न वाचलेल्या मुलाला ‘बी’ हायरमध्ये खरोखर पुढे जाता येते आणि पुष्कळ विद्यापीठे पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते स्वीकारतात. अट एकच : मग ‘ए’ म्हणून दुसरी एखादी भाषा घ्यावी लागते, कारण एका ‘ए’शिवाय डिप्लोमा नाही.

आणि मराठी?

या जागी मला या अंकाच्या वाचकांशी थोडे निराळे बोलायचे आहे. ही ‘ए’ भाषा मराठी का नसावी? आयबीत मातृभाषेतले साहित्य शाळेत शिक्षक नसतानाही शाळेच्या देखरेखीखाली, स्वयंअध्ययनाने घेण्याची सोय आहे. ती स्टँडर्ड लेव्हललाच मिळते आणि तिथेही ९ कृती वाचाव्या लागतात. ज्या भाषेला पुरेसे लिखित साहित्य आहे तिच्यासाठी शाळा विनंती करू शकते आणि मराठीला साहित्य कमी आहे असे कोण म्हणेल? मराठी आणि इंग्रजी दोन्ही ‘ए’ म्हणून घेऊन उत्तीर्ण होणाऱ्याला द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. इंग्रजी त्यात कुठेच कमी होत नाही.

शाळा मराठीला तयार नसेल तरी एक वाट उरते. ‘इंग्रजी ए : साहित्य’मध्ये स्टँडर्डला किमान तीन आणि हायरला किमान चार कृती अनुवादित असाव्या लागतात. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ इंग्रजीत आलेले आहे. शिक्षकांना सुचवून तरी पाहावे.

व्यवहारात मी पालकांना एवढेच सांगतो, की अर्ज भरण्याआधी मुलाला ज्या चार-पाच ठिकाणी जायचे आहे त्यांची प्रवेशाची पाने त्याने स्वतः वाचावीत. कागदाचे दोन रकाने करावेत : ‘भाषा येते याचा पुरावा’ आणि ‘विषय म्हणून लागते’. दुसऱ्या रकान्यात इंग्रजी आली, तर हायर घ्यावी. ती फक्त पहिल्या रकान्यात असेल, तर स्टँडर्ड पुरते आणि हायर हा आवडीचा प्रश्न उरतो. मूल काहीच ठरवू शकत नसेल, तर त्याला विचारावे, की गेल्या वर्षभरात परीक्षेत नसलेली किती पुस्तके त्याने आपणहून वाचली. त्या उत्तरावरून पातळी बहुधा ठरते.