विस्मरण आणि परदेशची बाटली

साउथ तुकोगंजात नाथ मंदिराच्या परिसरात आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांचे घर आहे. परवा त्यांच्याकडे गेलो असता चहाबरोबर एक बाटलीही पुढे आली. "मुलाने अमेरिकेहून पाठविली. रोज रात्री एक गोळी घ्यायची; मेंदूचे म्हातारपण लांबते म्हणे," नाना म्हणाले. काकू मात्र गप्प होत्या. आठवड्यापूर्वी बाजारातून परतताना, चाळीस वर्षांच्या पायाखालच्या वाटेवर नाना चुकले होते.

बाटलीतील द्रव्य होते मेलॅटोनिन. मेंदूच्या मध्यभागी असलेली चिमुकली पिनियल ग्रंथी अंधार पडला की हा अंतःस्राव रक्तात सोडते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. येल विद्यापीठातील अ‍ॅरन लर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली गुरांच्या पिनियल ग्रंथींतून तो वेगळा केला. पेशींची हानी करणाऱ्या क्रियाशील द्रव्यांना तो निष्प्रभ करतो, म्हणजेच तो अँटिऑक्सिडंट आहे, हे पुढे १९९३ च्या सुमारास दिसून आले. वयाबरोबर त्याचे प्रमाण घटते. मग जे घटले ते बाहेरून भरून काढावे, असे कोणासही वाटेल.

परंतु घट आणि कारण या दोन गोष्टी एक नव्हेत. उंदरांवर दिसलेला लाभ माणसाच्या स्मरणशक्तीस होतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. झोपेची वेळ बिघडली असता काहींना या गोळीचा उपयोग होतो, इतकेच. अंतःस्रावांच्या बाबतीत असा फसवा हिशेब पूर्वीही झाला आहे. पासष्टी उलटलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिल्यास स्मृतिभ्रंश टळेल, अशी आशा होती. २००३ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत तो धोका उलट दुप्पट झालेला आढळला. शिवाय बाटलीवरील आकडाही भरवशाचा नसतो. २०१७ साली कॅनडात तपासलेल्या ३१ मेलॅटोनिन उत्पादनांपैकी बहुतेकांत छापील प्रमाण आणि प्रत्यक्ष प्रमाण यांत मोठी तफावत निघाली.

खरा धोका गोळीपेक्षा तिने दिलेल्या समाधानात आहे. विस्मरणामागे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडची मंदता, उदासीनता किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असू शकतो. त्यांवर उपाय आहेत, पण ते वेळेत व्हावे लागतात. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ ची उणीव विशेष आढळते. रक्तदाब, मधुमेह आणि कमी ऐकू येणे यांकडे लक्ष दिल्यास पुढील धोकाही कमी होतो.

त्या दिवशी काकूंना एवढेच सुचविले, की बाटली पिशवीत घालून नानांसह डॉक्टरांकडे जावे. त्या गेल्या. रक्तात ब-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली आहेत. गेलेले सारे परत येईल, असे आश्वासन डॉक्टरांनी दिलेले नाही. पण आता संध्याकाळी दोघे मिळून मंदिरापर्यंत फिरून येतात, आणि परतीची वाट नानांनी दाखवायची, असा काकूंचा नियम आहे.