परदेशी गेल्यावर गावाकडचा मोबाइल क्रमांक

क्रमांक आणि गाव

दौंडच्या दूरध्वनीचा संकेतांक ०२११७, शिरूरचा ०२१३८. घराघरांत तारेचा दूरध्वनी होता तेव्हा क्रमांक जागेला बांधलेला असे. माणूस पुण्याला राहायला गेला तरी क्रमांक शिरूरच्या घरातच राही आणि भाडे थकले तर तार कापली जाई. मोबाइल क्रमांक जागा सोडून माणसाबरोबर निघाला. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून जर्मनीला गेलेला अभियंता घ्या, किंवा पाटसच्या ऊसपट्ट्यातून कॅनडाला शिकायला गेलेली मुलगी. पहिल्या महिन्यात दोघांजवळही दोन सिमे असतात. नवे बोलण्यासाठी, जुने ओटीपीसाठी. जुन्या क्रमांकावर बोलणे जवळजवळ संपते, कारण आईवडिलांशी संभाषण व्हॉट्सॲपवर होते. तरीही तो क्रमांक टाकून देता येत नाही.

मालकी

मोबाइल क्रमांक ही ग्राहकाची मालमत्ता नाही. राष्ट्रीय क्रमांकन योजनेनुसार दूरसंचार विभाग क्रमांकांचे गट कंपन्यांना देतो आणि कंपनी त्यातला एक क्रमांक ग्राहकाला वापरासाठी देते. सिम ही आणखी वेगळी वस्तू. सिमकार्डात ग्राहकाची जागतिक ओळख आणि गुप्त किल्ली साठवलेली असते; ती ओळख कोणत्या दहा आकड्यांशी जोडायची याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत राहते. म्हणून सिम हरवले तरी तोच क्रमांक नव्या सिमवर मिळतो. आणि सिम पाकिटात सुरक्षित असले तरी क्रमांक गेलेला असू शकतो. दुसरी शक्यता अनेकांच्या लक्षात येत नाही. शिरूर आणि दौंड ‘महाराष्ट्र आणि गोवा’ या दूरसंचार परिमंडळात येतात, मुंबईचे परिमंडळ वेगळे आहे. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता देशभर कंपनी बदलता येते. पण हे स्वातंत्र्य देशाच्या सीमेपाशी थांबते. +९१ ने सुरू होणारा क्रमांक कॅनडाच्या कंपनीकडे नेता येत नाही.

क्रमांकाला लोंबकळणाऱ्या गोष्टी

१ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. आरंभी ही पडताळणी बहुधा पासवर्डने होई; पुढे एसएमएसने येणारा ओटीपी रुळला आणि मोबाइल क्रमांक हा बँकेच्या दाराची किल्ली झाला. आधारने हीच किल्ली आणखी दारांना लावली. आधारशी जोडलेल्या क्रमांकावरच्या ओटीपीने आयकर विवरणपत्राची पडताळणी होते, डिजिलॉकर उघडते, ई-स्वाक्षरी होते. वडिलांच्या पश्चात परदेशातील मुलाचे नाव सातबाऱ्यावर चढले असेल, तर ॲग्रिस्टॅक योजनेतील शेतकरी ओळख क्रमांक काढतानाही आधारचा ओटीपी लागतो. पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घ्यायचा तरी मोबाइलवर ओटीपी येतो. यांतली प्रत्येक सोय स्वतंत्र वाटते, पण सगळ्यांची मुळे त्याच दहा आकड्यांत आहेत. शिवाय आधारला परदेशी क्रमांक जोडता येत नाही. खरी गाठ इथे आहे.

दोन घड्याळे

प्रीपेड क्रमांकाचे आयुष्य दोन घड्याळांवर चालते आणि लोक एकाकडेच पाहतात. पहिले घड्याळ प्लॅनच्या वैधतेचे. ती संपली की आधी जाणारे कॉल बंद होतात आणि थोड्या दिवसांनी येणारे कॉल व एसएमएसही थांबतात. क्रमांक अजून ग्राहकाच्याच नावावर असतो, पण मुका आणि बहिरा झालेला.

दुसरे घड्याळ वापराचे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१३ मधील ग्राहक संरक्षण विनियमांतील दुरुस्तीनुसार ९० दिवसांपेक्षा कमी काळ वापर नाही, एवढ्या कारणाने कंपनीला प्रीपेड क्रमांक बंद करता येत नाही. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, इंटरनेटचा वापर, यांतले काहीही वापर म्हणून धरले जाते. येणाऱ्या एसएमएसचा मात्र त्यात उल्लेख नाही. म्हणजे केवळ बँकेचे संदेश येत राहिले, तर तेवढ्याने क्रमांक वापरात आहे असे सिद्ध होत नाही. ९० दिवस उलटले तरी खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असल्यास क्रमांक राखून ठेवला जातो. त्यानंतर बंद झालेला क्रमांक परत सुरू करून घेण्यासाठी १५ दिवसांची सवलतही आहे.

या वीस रुपयांच्या नियमाबद्दल गैरसमज फार. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्याने चर्चेत आला आणि ‘वीस रुपयांत सिम चालू’ असे मथळे फिरले. नियम क्रमांक राखतो, सेवेची हमी देत नाही. शिल्लक वीस रुपये आहे पण प्लॅन संपला आहे, अशा सिमवर ओटीपी येईलच असे नाही. आणि परदेशस्थाला क्रमांक हवा असतो तो ओटीपीसाठीच. पोस्टपेड ग्राहकांसाठी असलेल्या ‘सेफ कस्टडी’ या सोयीचेही असेच आहे. क्रमांक जपला जातो, एसएमएस येत नाहीत.

‘लाइफटाइम’ची आठवण

हा गोंधळ होण्यामागे इतिहास आहे. २००५-०६ च्या सुमारास कंपन्यांनी ‘लाइफटाइम’ प्रीपेडच्या योजना आणल्या. एकदाच मोठी रक्कम भरायची आणि पुढे रिचार्ज न मारताही कॉल येत राहायचे. मिस्ड कॉलवर चालणारी एक पिढीच त्यातून घडली. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्ज सुरू केला. तेव्हा तो २८ दिवसांना ३५ रुपये होता. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा किमान प्लॅन १९९ रुपयांवर गेला. दहा वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या माणसाच्या डोक्यात अजून जुना हिशेब असतो.

परदेशात एसएमएस कसा पोहोचतो

टोरांटोच्या विमानतळावर फोन चालू होताच त्यातील भारतीय सिम तिथल्या एखाद्या जाळ्याकडे नोंदणी मागते. ते जाळे सिमची ओळख वाचून भारतातील मूळ कंपनीला विचारते: हा ग्राहक खरा आहे का, त्याला रोमिंगची परवानगी आहे का? होकार आला की मूळ कंपनी आपल्या नोंदवहीत ‘ग्राहक सध्या अमुक जाळ्यावर’ असे टिपून ठेवते. नंतर बँकेने ओटीपी धाडला की कंपनीचे संदेश केंद्र आधी ही नोंद पाहते आणि संदेश त्या परदेशी जाळ्याकडे वळवते. नोंद नसेल तर संदेश काही काळ रांगेत थांबतो, आणि तोवर ओटीपीची काही मिनिटांची मुदत संपून जाते.

यातून तीन गोष्टी निघतात. रोमिंगची परवानगी निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी लागते. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस सहसा विनामूल्य असतो; येणाऱ्या कॉलला मात्र पैसे पडतात आणि मोबाइल डेटा चुकून चालू राहिला तर बिल डोळे फिरवणारे येते, म्हणून जुन्या सिमचा डेटा बंदच ठेवलेला बरा. तिसरी गोष्ट जाळ्याच्या पिढीची. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये तिसऱ्या पिढीची जाळी बंद केली. तेथे चौथ्या पिढीवर रोमिंग न होणाऱ्या जुन्या फोनमध्ये भारतीय सिम टाकले तर ते चांगले असूनही उपयोगाचे राहत नाही.

निघण्यापूर्वीचा आठवडा

दोन सिमांचा फोन किंवा ई-सिम हा आज सर्वांत सुटसुटीत मार्ग. ई-सिममध्ये प्लास्टिकचे कार्ड नसते. फोनमध्येच बसवलेल्या चिपवर सिमची माहिती उतरवली जाते. हरवण्याची भीती नाही आणि सिमची जागा परदेशी कंपनीसाठी मोकळी राहते. परंतु ई-सिम घेणे म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सिम बदलणेच, आणि २०२२ मधील आदेशानुसार सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. तिकिटाच्या आदल्या रात्री शिरूरच्या बाजारपेठेतील दुकानात हे काम काढले, तर नेमक्या प्रवासाच्या दिवशी बँक अडते. कंपनी बदलायची असेल तर आणखी आधी सुरुवात करावी लागते, कारण १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस पोर्टिंगचा संकेतांक मिळत नाही. नव्या कंपनीची ग्राहक-पडताळणी परदेशातून करणे तर फारच जिकिरीचे.

सिम आईच्या फोनमध्ये

सर्वाधिक प्रचलित उपाय कोणत्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. मुलाचे सिम केडगाव किंवा न्हावऱ्यातील घरी आईच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत राहते. क्रमांक गावातच असल्यामुळे रोमिंगचा प्रश्न येत नाही, अधूनमधून कॉल येत-जात असल्याने वापराचे घड्याळही चालते. वडील कोपऱ्यावरच्या दुकानात रिचार्ज मारून येतात आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर ‘आई, आकडे वाच’ म्हणतो.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत. हिवाळ्यात भारताचे घड्याळ टोरांटोपेक्षा साडेदहा तास पुढे असते. तेथे दुपारी तीनला व्यवहार काढला तर इथे रात्रीचा दीड. यूपीआय या मार्गाने चालतच नाही, कारण त्याच्या नोंदणीसाठी सिम असलेल्या फोनमधूनच एसएमएस जावा लागतो. ओटीपी कोणालाही सांगू नये, हा बँकांचा नियम घरच्या माणसांनाही लागू आहे. त्याहून मोठी जोखीम अशी की, ओटीपी वाचून दाखवण्याची सवय लागलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला फसवणाऱ्याचा फोन वेगळा वाटत नाही.

उलट प्रकारही आढळतो. मुलाचा क्रमांक मुळात वडिलांच्या नावावर घेतलेला असतो. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी संकेतस्थळावर एखाद्याच्या नावावर किती जोडण्या आहेत हे पाहता येते; एका व्यक्तीला कमाल नऊ जोडण्यांची मुभा आहे. क्रमांक वडिलांच्या नावे असेल तर सिम बदलून घेण्याचा हक्कही त्यांचाच. निघण्यापूर्वी तो स्वतःच्या नावावर करून घेणे हे कागदी काम कंटाळवाणे असले तरी टाळण्याजोगे नाही.

क्रमांक गेल्यावर

बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. नवा ग्राहक निर्दोष असतो. त्याच्या फोनवर अनोळखी माणसाच्या बँकेचे संदेश येऊ लागतात इतकेच. पण पासवर्ड विसरल्याची सोय वापरून कोणी कुठवर पोहोचेल, हे त्याच्या सचोटीवर सोडणे योग्य नाही. याच धोक्यासाठी दूरसंचार विभाग रद्द झालेल्या क्रमांकांची यादी ठेवतो. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ही यादी तपासण्यास सांगितले, आणि १ एप्रिल २०२५ पासून यूपीआयमधूनही असे क्रमांक नियमित काढले जातात. व्हॉट्सॲप जुन्या क्रमांकावर ठेवून सिम विसरून जाण्याची वाटही आता खात्रीची नाही: नोव्हेंबर २०२५ च्या निर्देशात दूरसंचार विभागाने संदेशवहनाची ॲप फोनमधील चालू सिमशी जोडलेली ठेवण्यास सांगितले आहे.

भार हलका करणे

सगळा भार एकाच क्रमांकावर ठेवण्याची गरज हळूहळू कमी होत आहे. अनेक बँका अनिवासी खात्यांना परदेशी क्रमांक स्वीकारतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांसह दहा देशांच्या क्रमांकांवर एनआरई आणि एनआरओ या अनिवासी खात्यांना यूपीआय खुले झाले. निवासी बचत खाते एनआरओ करणे तसेही कायद्याने आवश्यक असते. त्याच फेरीत क्रमांक बदलून घेता येतो. आयकराच्या संकेतस्थळावर अनिवासी करदात्याला परदेशी क्रमांक नोंदवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्देशांनी तर एसएमएसखेरीज पडताळणीच्या अन्य पद्धतींनाही वाट करून दिली असून त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली होती.

हे सर्व झाल्यावरही आधार उरतो, म्हणून भारतीय क्रमांक उरतो. त्याचा खर्च तुलनेने माफक आहे. ट्रायच्या डिसेंबर २०२४ मधील दुरुस्तीने केवळ कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा प्लॅनची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली. २०२५ च्या आरंभी एअरटेलचा असा वर्षाचा प्लॅन १,८४९ रुपयांना होता, म्हणजे महिन्याला सुमारे १५४ रुपये. त्यात अडीच-तीन महिन्यांतून एकदा पाठवलेल्या एका एसएमएसचा रोमिंग दर मिळवायचा.