पोटापाण्याचे काम आणि रोजचे एक चित्र

व्यापारी घरांत मुलामुलींच्या शालेय कागदपत्रांची फाइल उघडली, तर शासकीय चित्रकला ग्रेड परीक्षेची दोन प्रमाणपत्रे पुष्कळदा सापडतात. एक एलिमेंटरीचे, दुसरे इंटरमिजिएटचे. त्यानंतर चित्रकलेची वही मिटते ती मिटतेच. पुढे कॉमर्स, बी.कॉम. किंवा संगणकाचा एखादा अभ्यासक्रम, आणि मग दुकान, पेढी नाही तर नोकरी. गेल्या काही वर्षांत या रुळलेल्या वाटेला आणखी एक फाटा फुटला आहे. घरी बसून, स्वतंत्रपणे, इतरांची संकेतस्थळे तयार करून देण्याचा. कुणाचा मुलगा हे करतो, कुणाची सून मुले झोपल्यावर करते. भांडवल थोडे लागते, गाळा लागत नाही आणि कमाई बऱ्यापैकी होते.

हे काम कमी प्रतीचे मुळीच नाही. पण ते दुसऱ्याच्या आवडीचे काम असते. रंग ठरतात ते ग्राहकाच्या बोधचिन्हावरून, अक्षरांचा आकार ठरतो तो मोबाइलच्या पडद्यावरून, आणि तिसऱ्या-चौथ्या दुरुस्तीनंतर स्वतःचे मत बाजूला ठेवण्याची सवयच लागून जाते. एकेकाळी जलरंगात भिजलेली बोटे आता मालाची छायाचित्रे चौकटीत बसवत राहतात. अशा माणसाला तिशी-पस्तिशीत कधीतरी पुन्हा चित्र काढावेसे वाटू लागते. संगणक समोर असतोच. तेव्हा संगणकावरच काढावे, असे मनात येते. आणि घरातून पहिला प्रश्न येतो, "यातून मिळते काय?"

व्यापारी घरात हा प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर घाईने देऊ नये. ज्याचा हिशेब बराचसा सर्वांसमोर आलेला आहे, असे एक उदाहरण अमेरिकेत घडले आहे. ते नीट तपासून पाहण्याजोगे आहे.

माइक विंकेलमन हा विस्कॉन्सिन राज्यातील तरुण. पर्ड्यू विद्यापीठातून २००३ मध्ये त्याने संगणकशास्त्राची पदवी घेतली. संगणकीय खेळ तयार करावेत या इच्छेने तो तिकडे गेला होता. पण त्याचे लक्ष छोटे चित्रपट आणि दृश्ये करण्यात अधिक रमले. पदवीनंतर पोटापाण्यासाठी त्याने वेब डिझायनिंगचे काम धरले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याच्याजवळ नव्हते आणि आपला हात कच्चा आहे, याची त्याला जाणीव होती. टॉम जड या ब्रिटिश चित्रकाराने वर्षभर रोज एक रेखाचित्र काढल्याचे त्याच्या पाहण्यात आले, आणि १ मे २००७ रोजी त्यानेही तसाच नेम धरला. रोज एक चित्र. त्या दिवशी सुरू करायचे आणि त्याच दिवशी पुरे करायचे. 'बीपल' हे त्याने घेतलेले नाव. हे नाव एका केसाळ खेळण्याचे होते.

पहिले वर्ष त्याने प्रामुख्याने कागद-पेन्सिलीवर घालवले. ती चित्रे आज पाहिली तर कच्ची वाटतात. काही तर शाळकरी पोराने मागच्या पानावर काढावीत तशी. दुसऱ्या वर्षी तो संगणकावरील त्रिमितीय चित्रांकडे वळला. चांगले चित्र सुचले नाही तर वाईट चित्र काढायचे, पण दिवस कोरा जाऊ द्यायचा नाही. लग्नाच्या दिवशी आणि मुलांच्या जन्माच्या दिवशीही त्याने हा नेम मोडला नाही. (त्या दिवशी घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.)

या काळात संसार चालत होता तो डिझाइनच्या धंद्यावर. पुढे तो नोकरीतून बाहेर पडून स्वतंत्रपणे कामे घेऊ लागला. मैफलींच्या रंगमंचामागील पडद्यावर सरकणारी दृश्ये त्याने जस्टिन बीबर, केटी पेरी यांच्यासारख्या गायकांसाठी केली. अशा दृश्यांचे कितीतरी तुकडे त्याने कुणालाही वापरण्यासाठी विनामूल्य खुले केले होते. लुई व्हितॉं या फ्रेंच कंपनीने २०१९ च्या उन्हाळी कपड्यांवर त्याची चित्रे छापली. म्हणजे रोजच्या चित्रांतून कामे येत होती; पण चित्र म्हणून त्यांची विक्री जवळजवळ नव्हती. ऑक्टोबर २०२० पर्यंत आपली एकही छापील प्रत १०० डॉलरपेक्षा अधिक किमतीला विकली गेली नव्हती, असे त्यानेच सांगितले आहे.

वहीखात्याच्या भाषेत पाहिले, तर तेरा वर्षे चित्रांच्या खात्यावर नावे पडला तो रोजचा तास-दोन तासांचा वेळ, आणि जमेच्या बाजूला रोख रक्कम अगदीच किरकोळ. कोणत्याही पेढीने असे खाते केव्हाच बंद केले असते. ते चालू राहिले, याचे कारण त्या खात्याकडे कुणी भाडे मागितले नाही. घरखर्चाचा भार दुसऱ्या खात्याने उचलला होता. पहिल्या वर्षीच त्या चित्रांनी कमावले पाहिजे असा आग्रह धरला असता, तर ती चित्रे एक तर लोकांना रुचतील अशी काढली गेली असती किंवा काढलीच गेली नसती.

पुढची कथा वर्तमानपत्रांतून गाजली. पहिली ५,००० चित्रे एकत्र जोडून झालेले एकच भलेमोठे चित्र ख्रिस्तीज या लिलावगृहाने २०२१ च्या फेब्रुवारीत विक्रीला काढले. बोली सुरू झाली १०० डॉलरपासून. ११ मार्च रोजी ती शुल्कासह ६ कोटी ९३ लाख डॉलरवर थांबली; त्या वेळच्या दराने सुमारे ५०० कोटी रुपये. घेणारा मूळ तमिळनाडूचा, सिंगापूरस्थित विघ्नेश सुंदरेसन. त्याला मिळाली ती भिंतीवर टांगायची वस्तू नव्हे, तर एनएफटी, म्हणजे मालकीची संगणकीय नोंद. किंमत चुकती झाली ती ईथर या आभासी चलनात. विंकेलमनने मिळालेले ईथर लगोलग डॉलरमध्ये बदलून घेतले. त्याच्या चित्रांविषयी कुणाचे काहीही मत असो, हा व्यवहार कोणत्याही मुरलेल्या व्यापाऱ्याला पटावा. २०२२ मध्ये आभासी चलने कोसळली आणि एनएफटीचा बाजारही बसला. भारतात त्याच वर्षीच्या एप्रिलपासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला.

म्हणून हे ५०० कोटी कोणत्याही घराने आपल्या अंदाजपत्रकात धरू नयेत. तो भाव चित्राचा किती आणि त्या वर्षीच्या हवेचा किती, याविषयी जाणकारांतही एकमत नाही. शिवाय त्या ५,००० चित्रांत बीभत्स आणि टवाळ चित्रेही बरीच आहेत. घरातील सर्वांना एकत्र बसवून दाखवावीत अशी ती नाहीत. घेण्यासारखी आहेत ती त्याआधीची तेरा वर्षे. लिलावानंतरही त्याने रोजचे चित्र थांबवले नाही.

संगणकावर चित्र काढणे म्हणजे खरे चित्र नव्हे, अशी शंका जुन्या पिढीला येते. डेव्हिड हॉकनी हा ब्रिटिश चित्रकार १९३७ चा. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, २००९ मध्ये, तो आयफोनच्या पडद्यावर बोटाने फुले काढू लागला, आणि पुढच्या वर्षी आयपॅडवर. यॉर्कशरमधील एका रस्त्यावर वसंत कसा येत गेला, हे त्याने २०११ मध्ये आयपॅडवर चितारले. ती चित्रे मोठ्या आकारात छापून २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली. याच हॉकनीने एनएफटीच्या बाजारावर मात्र कडक शब्दांत टीका केली. साधन स्वीकारले म्हणजे त्याच्याभोवतीचा बाजारही स्वीकारावा, असे नाही.

परतणाऱ्याची खरी अडचण साधनांची नसतेच. क्रिटा आणि ब्लेंडर हे दोन्ही प्रोग्राम विनामूल्य मिळतात. लेखणीचा दाब ओळखणारी साधी पाटी काही हजार रुपयांत येते. सुरुवातीला हात टेबलावर आणि डोळे पडद्यावर, यामुळे रेघ भरकटते. सरावाने ती ताळ्यावर येते. थरांवर थर ठेवून काढण्याची सोय वेब डिझायनरला आधीच ठाऊक असते. उलट एक सवय त्याला सोडावी लागते. चुकलेली रेघ एका कळीसरशी पुसता येते, म्हणून तो एकच रेघ वीस वेळा मारतो आणि चित्र पुढे सरकत नाही. पहिले वर्ष कागदावर घालवणाऱ्या विंकेलमनचा शहाणपणा इथे लक्षात येतो. कागदावर चुकलेली रेघ निमूट सांभाळून घ्यावी लागते.

मोठी अडचण आहे ती खुर्चीची. जिथे ग्राहकाचे काम, तिथेच चित्र; तोच पडदा, तेच दुखणारे मनगट. चित्र उघडले की कोपऱ्यात निरोप झळकतो, "फक्त एक छोटा बदल." नोकरदाराचा दिवस निदान ठरावीक वेळी संपतो. स्वतंत्र काम करणाऱ्याची दिवाबत्तीनंतरची वेळही ग्राहकाच्याच हाती असते, आणि बिलाचे पैसे अडकले असतील तर त्याला नाही म्हणण्याचे धैर्यही होत नाही. म्हणून चित्राचा तास सुरक्षित करायचा, तर आधी धंद्याची घडी बसवावी लागते. कामाआधी काही रक्कम आगाऊ घेणे, दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील हे लेखी ठरवणे, पाच-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणे. यात कलेचा शब्दही नाही. पण याच्याशिवाय तो तास टिकत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून काढलेल्या चित्राचे हक्क चित्रकाराचे असतात, आणि ते त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. परंतु मोबदला देऊन कुणी चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले, तर उलट करार नसल्यास प्रथम हक्क ते काढून घेणाऱ्याचा ठरतो. दोन्ही कामे एकाच संगणकावर चालतात, तिथे ही सरमिसळ सहज होते. रात्री स्वतःसाठी काढलेले मोराचे चित्र सकाळी साडीच्या दुकानाच्या संकेतस्थळावर चपखल बसते, ग्राहकही खूश होतो, आणि ते चित्र कुणाचे हा प्रश्न उद्भवतो दोन वर्षांनी, जेव्हा तोच मोर दुकानाच्या पिशव्यांवर आणि डब्यांवर छापून येतो. चित्रांच्या फाइली वेगळ्या ठेवाव्यात, त्यांवर तारीख असावी, आणि असे चित्र ग्राहकाच्या कामात वापरायचेच असेल, तर बिलात त्याची वेगळी ओळ घालून ते फक्त संकेतस्थळापुरते दिले आहे, असे तिथेच लिहावे.