मोहाचे दिवस

इटलीत रोम शहराच्या भाजीबाजारात फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत एका काटेरी वनस्पतीची कळी विकावयास येते. तिला आर्टिचोक म्हणतात. आपल्या करडईच्या कुळातलीच ही वनस्पती. बाजारातल्या बाया वरची राठ पाने सोलून कळ्या लिंबाच्या पाण्यात टाकून ठेवतात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. खाणावळीत कोणी ती लसूण-पुदिना घालून शिजवतात, तर ज्यू वस्तीत अख्खी तेलात तळतात. तळल्यावर ती फुलासारखी उमलते. रोमजवळच्या लादिस्पोली गावात 1950 सालापासून या कळीची जत्रा भरते. मी रोमला गेलेलो नाही, जाण्याचा योगही दिसत नाही; हे सारे वाचून माहीत झाले. पण वाचताना सारखे मनात येत होते की, फुलाचा हंगाम साजरा करणारे लोक आपल्याच मुलखात आहेत, आणि त्यांच्या फुलाचे नाव काढले की तुम्हां-आम्हां शहरी माणसांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘दारू’.

आज बोलायचे आहे ते मोहाच्या फुलाविषयी, आणि तेही एटापल्लीकडच्या. गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेकडचा हा जंगलाचा तालुका. आलापल्लीहून आत वळले की साग, ऐन, तेंदू आणि मोह. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची.

मार्चच्या मध्याला मोहाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके लटकतात. फूल रात्री उमलते. वटवाघळे त्यावर येतात आणि परागीकरणाचे काम बरेचसे तीच करतात. पहाटे पाकळ्यांचा मांसल, फिकट पिवळसर भाग गळून खाली पडतो. हाताला द्राक्षासारखा लागतो, आत गोड रस. म्हणजे मोहाचे फूल तोडावे लागत नाही, वेचावे लागते, आणि तेही वेळेवर. ऊन चढले की ते मऊ पडते. शिवाय गुरे, हरणे आणि अस्वल हे वाटेकरी असतातच. अस्वलाला मोह फार आवडतो. पहाटेच्या अंधारात वेचायला गेलेल्या माणसाची आणि त्याची गाठ पडून अपघात झाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. म्हणून बाया एकेकट्या जात नाहीत.

एप्रिलमध्ये सकाळी सभा बोलावण्याची चूक मी एकदा केली होती. विषय तेंदूपानांच्या मजुरीचा, म्हणजे जिव्हाळ्याचा. सभेला आलो मी, गावचा एक म्हातारा आणि दोन कुत्री. दुपारी एक बाई टोपली डोक्यावर घेऊन आली आणि म्हणाली, “दादा, तुमी बोलावलं ते खरं, पन फूल थांबते का जी?” त्यानंतर त्या महिन्यातल्या माझ्या सभा रात्री होऊ लागल्या.

झाडे जंगलातली असली तरी गावाच्या रिवाजाने कोणते झाड कोणत्या घराचे हे ठरलेले असते आणि दुसरा त्याखाली वेचीत नाही. वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा साफ करावा लागतो. त्यासाठी पुष्कळदा काडी लावतात. ती आग पसरली की जंगलाचे नुकसान होते आणि मोहाची कोवळी रोपेही जळतात. हे मी आमच्या लोकांच्या तोंडावर सांगत आलो आहे. खराट्याने झाडणे कष्टाचे आहे, पण होते. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधण्याचा प्रयोगही झाला आहे.

माडियांत नवे फळ-फूल देवाला व पूर्वजांना दिल्याखेरीज खात नाहीत. त्या सणाला पंडुम म्हणतात. गावकीने तो केल्यावरच नव्याचा हंगाम खुला होतो. रोमची जत्रा आणि हे पंडुम यांत मला फारसा फरक वाटत नाही. एवढाच की, तिकडे पाहुणे येतात. इकडे आपण जात नाही.

आता खाण्याचे. ओले फूल चार-पाच किलो वाळवावे तेव्हा सुके किलोभर हाती येते. अंगणात तीन-चार दिवस उन्हात पसरले की ते तपकिरी-तांबूस होते. मग चोळून-झोडून आतले केसर काढतात. सुक्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. ते भाजून तिळाबरोबर कुटले की लाडू होतात. उकडून नुसते खातात, पिठात मिसळून भाकर करतात, ओल्या फुलांचा रस आटवून काकवीसारखी राब करतात. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्यप्रांतातल्या जंगली मुलखाला या फुलाने जगवले. एटापल्लीच्या चहाच्या दुकानांत भजी मिळतात. मोहाचा एकही पदार्थ तेथे मी पाहिला नाही. तो चाखायचा तर कोणाच्या तरी घरी जावे लागते, नाहीतर बचत गटाच्या बायांकडून लाडू घ्यावे लागतात. आठवडी बाजारात फूल घ्याल तर मुठीत दाबून पाहा: चिकटून गोळा झाला तर अर्धवट वाळलेले; काळे, आंबूस वासाचे असेल तर सोडून द्या. घरी आणल्यावर माती जाईपर्यंत धुवा, पण पाण्यात भिजत ठेवू नका, गोडी निघून जाते.

दारूचे म्हणाल तर ती होते, हे लपवण्यात अर्थ नाही. जन्म, लग्न, मरण या विधींत माडियांना ती लागते. पण व्यसनाने घरे बुडतात हेही खरे, आणि गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या, चळवळीमुळे. त्या बायांच्या बाजूचाच मी आहे. माझी तक्रार वेगळी आहे. बंदीचा रोख दारूवर असावा, फुलावर नव्हे. इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात 1892 साली मोहाचा कायदा करून ठाणे-कुलाब्याकडे फुले गोळा करण्यावरच बंधने घातली. त्यात अबकारीच्या उत्पन्नाची काळजी होती. पुढे 1949 च्या दारूबंदी कायद्याखालीही फुलांवर निर्बंध राहिले. ज्या बाईने लाडवांसाठी पोते भरून ठेवले तीही संशयित. महाराष्ट्र सरकारने फुले गोळा करणे, साठवणे, नेणे यांवरचे निर्बंध उठवले ते 2021 साली.

निर्बंध असले की फायदा कोणाचा होतो? विकणारी घाबरलेली, घेणारा एकच, मग भाव तो सांगेल तो. एका बाजारात मी स्वतः उभा राहून पाहिले: व्यापारी प्रत्येक पोत्यामागे ओलाव्याचे म्हणून दोन किलो कापी, फूल खडखडीत वाळलेले असले तरी. विचारले तर म्हणाला, “रिवाज आहे.” आणि एप्रिलमध्ये विकलेलेच फूल त्याच घरांना पावसाळ्यात चढ्या भावाने परत घ्यावे लागते. मग ती तेव्हाच का विकते? एक तर मीठ-तेलाला, लग्नकार्याला रोकड लागते. दुसरे कारण असे की, मोहफूल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात नीट झाकून न ठेवले तर आंबते, कीड लागते. शेणाने सारवलेल्या बांबूच्या ढोलीत थोडेसे राहते, पोतीच्या पोती राहत नाहीत. म्हणजे झगडा भावाचा खरा, पण त्याची गुरुकिल्ली कोरड्या कोठारात आहे. मजुरांच्या चळवळीत मी इतकी वर्षे काढली; कोठार ही मागणी असू शकते हे मला फार उशिरा कळले.

कायद्याने आज बाजू भक्कम आहे. 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजाची मालकी गावाकडे दिली. मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. 2013-14 साली केंद्राने वनोपजाच्या हमीभावाची योजना आणली. तिच्या पहिल्या यादीत मोहाच्या बिया होत्या, फुले मागाहून आली. तेंदूत जे जमले ते मोहात तितकेसे जमलेले नाही. तेंदूचा ठेकेदार बाहेरचा, पाने एकाच वेळी एकाच फळीवर येतात, म्हणून लोक एकत्र होतात. मोह मात्र घरोघरी, मूठमूठ विकला जातो; संघटना बांधायला याहून अवघड माल नाही.

ज्यांना यायचे असेल त्यांनी मार्चअखेर यावे आणि पहाटे पाचला उठण्याची तयारी ठेवावी. एप्रिल संपत आला की झाडाखाली फूल दिसत नाही. फांद्यांना नवी तांबूस पालवी येते आणि बाया तेंदूच्या पानांकडे वळतात. जूनच्या सुमारास त्याच झाडाची फळे पिकतात, त्यांच्या बियांना तिकडे टोरी म्हणतात, आणि तिचे तेल काढतात.